अण्णाराव आणि भुसकटाची भिंत

अण्णारावांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या सकाळी त्यांचा फोटो टांगायला संगमेश्वरनं खिळा ठोकला आणि तो जसा आत गेला तसाच बाहेर आला. भिंत त्याच्याच कारखान्यातल्या ठोकळ्यांची होती. सोयाबीनचं भुसकट आणि सिमेंट. उन्हाळ्यात गार, आणि इतकी हलकी की भूकंपात अंगावर पडली तरी माणूस झटकून उठेल. निदान लातूरभर तो तसं सांगत फिरे. अण्णाराव तिला ‘गुरांची गव्हाण’ म्हणत. म्हणूनच त्यांना याच भिंतीवर चढवायचं, असं लेकानं ठरवलं होतं. फ्रेम सागवानी, दाराएवढी. जिवंतपणी बापाला त्यानं एवढी जागा कधी दिली नव्हती.

त्यात आज रामलिंगअप्पा येणार होते. शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांचं नवं वसतिगृह या ठोकळ्यांचं होणार की विटांचं, ते भिंत बघून ठरायचं होतं.

संगमेश्वरनं मोठा खिळा घेतला. मग त्याहून मोठा. मग सळई. भुसकट सांडत राहिलं आणि सळई पलीकडे स्वयंपाकघरात निघाली.

“अहो, घर पाडायलाव का?” त्याची बायको रुद्राणी भोकातून म्हणाली.

“जरा टेक्निकल प्रॉब्लेम हाय.”

“हाव, दिसायलाय. तुमचा डोळाबी दिसायलाय.”

तेवढ्यात अप्पांच्या गाडीचा हॉर्न वाजला. बांधाबांधीला वेळ नव्हता. संगमेश्वरनं फ्रेमची दोरी भोकातून आत सारली.

“धर! अप्पा जाईस्तोवर सोडू नको.”

अप्पांनी आत येताच भिंतीला तळवा लावला. “लई गार हाय की!”

“एसीची गरजच न्हाई, अप्पा.”

“वा! चहा होऊ द्या मग.”

“चहा करू का मामंजींना धरू?” भिंत म्हणाली.

अप्पा दचकले. “सासऱ्याचं लई मनाला लावून घेतलंय तिनं,” संगमेश्वर घाईनं म्हणाला.

अप्पांनी फोटोपुढं हात जोडले. तिकडं दूध उतू चाललं. रुद्राणी एका हातानं दोरी धरून गॅसकडे वाकली, तसे अण्णाराव वीतभर खाली आले. ती मागं सरली, तसे पुन्हा वर गेले.

अप्पांनी डोळे चोळले.

“अप्पा, सांभाळा!” आतून आवाज आला. “मामंजी यायलेत!”

अण्णाराव आले ते थेट अप्पांच्या मिठीत. अप्पांनी भोकातून रुद्राणीला नमस्कार केला.

“संगमेश्वर, होस्टेलात पोरं आरसा टांगतेत, दप्तर टांगतेत. हितं एक म्हातारं टिकंना.”

“अप्पा, त्याला येगळा स्क्रू...”

“ऱ्हाऊ दे. जळकोट रोडला माझी पोल्ट्री हाय. उन्हानं पक्षी मरायलेत. कोंबड्या काई टांगत न्हाईत.”

संगमेश्वरचा चेहरा उजळला. “शेड किती लांब हाय, अप्पा?” म्हणत त्यानं खिशातून पेन काढलं. बापाला घ्यायला हात रिकामे असावेत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. अण्णाराव अजून अप्पांच्याच हातात होते.