शीळपाखराचा खोकला

"शिट्टी येते का?" मालकिणीने विचारलं. तेहतीस वर्षं शाळेत ड्रिल घेतलेल्या मास्तरांनी उत्तरादाखल दोन बोटं तोंडात घातली.

"तशी नको," मालकीण घाईघाईने म्हणाली. "हळू. पाखरासारखी."

निवृत्त झाल्यावर जग बघायचं, पण हॉटेलात पाय ठेवायचा नाही, असा मास्तरांचा बेत होता. कुठे बाग शिंपायची, कुठे कुंपण रंगवायचं आणि त्या बदल्यात राहायचं-जेवायचं. दोन महिने असे सुखात गेले होते. रानाच्या कडेला असलेल्या या निसर्गनिवासात आल्या आल्या मास्तरीणबाई स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसल्या, आणि मास्तरांना मालकिणीने ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं.

फाटकावर पाटी होती, 'इथे शीळपाखरू ऐकू येतं.' पाहुणे त्याच्यासाठीच लांबून येत. अडचण एवढीच होती, की शीळपाखरू येत नव्हतं.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या आईच्या वेळेपासून," मालकीण म्हणाली. "तुम्ही तळ्यापलीकडच्या झाडीत लपून बसायचं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. तीन सूर चढते आणि शेवटी एक लांब. आधीचे गृहस्थ छान वाजवायचे, पण परवा पिशवी इथेच टाकून निघून गेले."

"का?"

"झाडीत कोणीतरी आहे म्हणत होते. तुम्ही मनावर घेऊ नका. आणि हे कोणाला सांगायचं नाही. बायकोलाही नाही."

मास्तरांनी उभ्या आयुष्यात बायकोपासून काही लपवलं नव्हतं, कारण लपवलेलं टिकत नसे. तरी त्यांनी मान डोलावली. खोली हवेशीर होती आणि गाद्या जाड होत्या.

झाडी मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली नाही. बाहेर लख्ख सकाळ असली तरी आत ओल आणि काळोख. वारा तळ्यापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. मधोमध एक ओंडका पडला होता, शाळेतल्या जुन्या बाकासारखा बसून बसून गुळगुळीत झालेला. इथे इतकी माणसं बसून गेली, ती सगळी कुठे गेली, हा विचार मास्तरांनी निकराने बाजूला सारला, ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. पाण्यापलीकडच्या बाकांवरून पाहुण्यांचं कौतुकाने कुजबुजणं ऐकू आलं. मास्तरांची छाती फुगली. ड्रिलच्या शिट्टीचं असं कौतुक कधी कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक उंच, ताठ वृद्ध बाई मुक्कामाला आल्या. त्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, आणि अजूनही त्यांच्यासमोर सगळे आपोआप नीट उभे राहत. मास्तरीणबाई वाढायला आल्या तेव्हा मेट्रनबाईंनी मान वळवली.

"या बाजूने बोला. डावा कान गेलाय, उजवा जातोय. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर. म्हटलं, तो जायच्या आत इथे येऊन एकदा ऐकून घ्यावं."

शेजारच्या टेबलावरून मास्तरांनी ते ऐकलं. हौशी पाहुण्यांना बनवणं वेगळं आणि या बाईंना बनवणं वेगळं. त्यांना मनापासून लाज वाटली. पण खरं सांगावं तर मालकीण बाहेर काढणार, आणि बाईंचं उरलंसुरलं समाधानही जाणार. दोन्हीकडून पंचाईत होती.

सकाळी पानांच्या फटीतून त्यांना मेट्रनबाई दिसल्या. सगळ्यांच्या पुढे, एकट्या, उजवा कान झाडीकडे करून बसलेल्या. मास्तरांनी शीळ घातली. ओलीने घसा धरला आणि पाठोपाठ खोकला आला. तो दाबत ते स्वतःशीच पुटपुटले, "माफ करा हो, बाई." त्यानंतर सवयच लागली. आधी शीळ, मग खोकला, मग माफी.

"तुमच्या पाखराला खोकला झालाय," आपल्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी जेवताना मेट्रनबाईंनी जाहीर केलं.

मालकिणीच्या हातातला डाव थांबला. एका पाहुण्याने मात्र लगेच वही काढली. ती त्याची दुसरी हाक असणार, असं त्याचं मत पडलं, आणि टेबलावरच्या सगळ्यांना ते पटलं.

"कोरडा आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "दोन वेळा वाफ घ्यायला हवी."

मास्तरांनी त्या दुपारी गुपचूप वाफ घेतली. डोक्यावरून टॉवेल घेऊन पातेल्यात वाकलेला नवरा पाहून मास्तरीणबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रोज केसात काड्या घेऊन येणारा माणूस रानात नेमकं काय करतो, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. "निरीक्षण," एवढंच मास्तर सांगत.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर मदतीला म्हणून स्वयंपाकघरात कांदे सोलत होते. मास्तरीणबाई तळ्याकाठच्या दोरीवरून चादरी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"तुम्ही इथे कधी आलात?"

"तास झाला. हा ढीग बघ."

त्यांनी ढीग बघितला. मग चादरी हळूच खाली ठेवल्या. "मग झाडीत कोण बोलत होतं?"

"काय बोलत होतं?"

"आधी शीळ, मग तुमचा खोकला. तुमचाच, शेवटी दोन उबळी येतात तो. आणि मग तुमच्या आवाजात, 'माफ करा हो, बाई.' पस्तीस वर्षांत माझी एकदाही मागितली नाहीत, म्हणून पक्की लक्षात राहिली."

मास्तरांच्या हातातला कांदा घरंगळत गेला. सुरुवातीला त्यांना वाटलं, बायको खोडी काढतेय. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा त्यांनी मालकीण, ओंडका, पळून गेलेला गृहस्थ आणि मेट्रनबाईंचा कान, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे तिथे तुमच्याशिवाय आणखी एक तुम्ही आहात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"असं म्हणू नकोस गं."

"मला इथे एकच जड जातो," त्या म्हणाल्या. पण त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, आणि तो बराच वेळ सोडला नाही. "ते जे काय असेल ते असो. उद्या जाऊन त्या बाईंना खरं सांगा. माफी तोंडावर मागायची असते. झाडीत बसून मागितली की असं होतं."

संध्याकाळी मास्तर पोट दुखतंय सांगून झाडीकडे फिरकले नाहीत. तरीही ठरलेल्या वेळी शीळ झाली, खोकला झाला, आणि पाहुणे तृप्त होऊन परतले. खिडकीत उभं राहून ते ऐकताना मास्तरांच्या अंगावर काटा आला.

सकाळी इतर पाहुणे उठायच्या आत ते तळ्याकाठी गेले. मेट्रनबाई बाकावर होत्याच. मास्तर त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन सावधानमध्ये उभे राहिले.

"बाई, एक कबूल करायचंय," ते म्हणाले, आणि पुढचं बोलायला तोंड उघडणार तोच झाडीतून त्यांचाच आवाज आला. "माफ करा हो, बाई."

तोंड मिटलेलं होतं, हे मास्तरांनी हाताने चाचपून पाहिलं.

"आधी बसा," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या. "वाफ घेतलीत ते बरं केलंत. पण शेवटचा सूर तुम्ही पाडता. तो धरून ठेवायचा असतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"इथे शीळपाखरू कधी नव्हतंच. ती शीळ आमच्या ह्यांनी रचली. लग्नानंतर आम्ही असेच कामाच्या बदल्यात राहत हिंडत होतो. या मालकिणीच्या आईने आम्हाला पूर्ण उन्हाळा ठेवून घेतलं. मी स्वयंपाकघरात आणि हे त्या ओंडक्यावर. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ती शीळ अजून कोणी वाजवतं का, ते कान जायच्या आत ऐकायचं होतं. तुम्ही वाजवलीत. थोडी चुकवलीत, पण वाजवलीत."

मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग त्यांनी घाबरत घाबरत झाडीकडे बोट केलं. "आणि तो?"

"तो काळा पक्षी. वरच्या फांदीवर बघा. रोज असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. नकल्या आहे. दार करकरलं, कुत्रं भुंकलं, माणूस खोकला, जे कानावर पडेल ते उचलतो. मोठे बोलतात तेच पिल्लं शिकतात, मग त्यांची पिल्लं."

खरंच एक काळा, लांब शेपटीचा पक्षी मास्तरांकडे बघून खोकला. मास्तरांना हसू फुटलं. आधीच्या गृहस्थाची पिशवी पोस्टाने पाठवायला हवी, असंही त्यांच्या मनात आलं. हसण्याच्या आवाजाने पक्षी उडाला आणि झाडीत आत, अगदी आत, दिसेनासा झाला.

तळ्यावर काहीच हलत नव्हतं. मग आतून आवाज आला. मास्तरांचा नव्हता. आळसावलेला, घोगरा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा एका तरुण पुरुषाचा आवाज होता.

"चहा झाला का गं?"

मास्तरांनी हसत मेट्रनबाईंकडे पाहिलं आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. बाईंची ताठ पाठ वाकली होती. त्यांनी उजव्या कानामागे हात धरला होता. झाडीने थोडा वेळ वाट पाहिली, आणि जराशा कुरकुरीने पुन्हा विचारलं, "चहा झाला का गं?"

"झालाच," मेट्रनबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "आणते."

त्या उठायला लागल्या तसे मास्तर लगबगीने उभे राहिले. "तुम्ही बसा, बाई. मी हिला सांगून येतो. दोन कप ना?"

"तीन," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि उजवा कान पुन्हा झाडीकडे करून बसल्या.