बारा सेकंदांच्या आत

"तेरा पॉइंट एक!" आईने स्टॉपवॉच बघून जाहीर केलं आणि भिंगरी गच्चीवरच मटकन बसली.

तेरा! कालही तेरा, परवाही तेरा. रविवारी शाळेच्या खो-खो संघाची निवड, जागा एकच उरलेली आणि कोचबाईंची अट साफ होती: दहा मीटरच्या चार फेऱ्या, टोकाला हात टेकून वळायचं आणि बारा सेकंदांच्या आत खेळ खलास. मैदान आठवडाभर दुरुस्तीला बंद, म्हणून बाबांनी गच्चीवर टेप लावून, खडूने रेषा आखून दिल्या होत्या. बाबा शिंपी. त्यांच्या मापाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

"बूट जड असतील," आई म्हणाली. भिंगरी अनवाणी धावली. तेरा.

"वळताना वाक की गं! काय खांबासारखी उभी राहतेस?"

भिंगरी इतकी वाकली की सरळ पाण्याच्या टाकीवर आदळली. खालच्या काकू हातात आमटीचा ओला डाव घेऊनच वर धावल्या.

"अहो, भूकंप झाला का?"

"नाही काकू, सराव चाललाय."

रविवारी शिट्टी वाजली आणि भिंगरी जी सुटली! रेष कधी आली नि कधी गेली, तिच्या पायांना पत्ताच नाही. पलीकडे बसलेल्या बाईंच्या थेट खुर्चीचा पायच तिच्या हाती लागला. तिसऱ्या फेरीत खुर्ची कलंडली, बाईंसकट.

बाई मातीत बसूनच घड्याळाकडे बघत राहिल्या. त्यांचा आ मिटेना.

"एवढं जादा पळून तेरा पॉइंट एक?" त्या पुटपुटल्या. मग ओरडल्या, "अगं, रेषेला हात लाव म्हटलं होतं, मला नाही! दोन्हीकडे एवढी पुढे का जातेस?"

"घरी रेष इतकीच लांब आहे, बाई. देवाशप्पथ!"

कुंपणाशी उभ्या बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"चूक माझी हो," ते चाचरत म्हणाले. "दोन्ही टोकांना हातभर माया सोडली. शिवणीत जास्तीचं कापड सोडतो ना, तशी. वाढत्या अंगाची पोर, बरोबर मापात घेतलं की सहा महिन्यांत आखूड होतं."

"बाबा!" भिंगरी किंचाळली. "मैदान काय मी अंगात घालणारे?"

"हाताला सवय गं..."

बाईंनी धूळ झटकली, मनातल्या मनात जादा अंतराचा हिशोब वजा केला, "म्हणजे अकरा पॉइंट नऊ!" म्हणाल्या आणि भिंगरीचं नाव यादीत लिहिलं. भिंगरी आनंदाने उडीच मारणार, तेवढ्यात बाई वळल्या.

"शिंपीदादा, उद्या सकाळी सहाला टेप घेऊन या. आता सगळ्या संघाच्या रेषा तुम्हीच आखायच्या."

दुसऱ्या दिवशी मैदानावर एकच आवाज घुमत होता. "तेरा! तेरा! साडेतेरा!" अकरा पोरी गवतावर आडव्या पडल्या होत्या आणि त्यातली एकही भिंगरीशी बोलत नव्हती. शेवटी कॅप्टनने धापा टाकत मान वर केली.

"तुझ्या बाबांना," ती म्हणाली, "दुसरा काही धंदा सुचला नाही का गं?"