भुलीआधीची कबुली

"मी भुलीला घाबरतो? अहो, तीच मला घाबरेल!" हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबांनी साऱ्या वॉर्डाला ऐकवलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, तो सुईला काय भीक घालणार!

शेजारच्या खाटेवरचे पेन्शनर खाकरले. "भुलीत माणूस मनातलं सगळं ओकतो. आमच्या साडूनं लग्नाआधीचं प्रकरणसुद्धा सांगून टाकलं!"

आजोबांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. त्यांच्या मनात एकच गोष्ट दडलेली होती, पण हत्तीएवढी! बारा वर्षांपूर्वी आजींचा लाडका पोपट त्यांनीच उडवून दिला होता. मेला हुबेहूब त्यांच्यासारखा घोरायचा! आळ आला आजींच्या भावजयीवर. तेव्हापासून आजींनी माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि ऑपरेशनच्या खोलीतली सिस्टर नेमकी आजींची शेजारीण!

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. रात्रीपासून काही खाल्लं नाही ना, दात हलतात का, कुठलं औषध सोसत नाही का, सगळं विचारून झालं.

"बाई," आजोबा हळूच म्हणाले, "भुलीत माणूस बोलतो का हो?"

"बोला की भरपूर! तुम्ही बोलत राहिलात की आम्हालाही बरं."

संपलं! परक्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. आजोबांनी आजींना जवळ बोलावलं, डोळे मिटले आणि पोपटाचं सांगून टाकलं.

आजींनी अंगावरची शाल काढली. शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. आत बाईंनी आजोबांना बसवून पुढे वाकवलं आणि पाठीच्या कण्यात सुई दिली. पाय आधी गरम झाले, मग पोत्यासारखे जड. बाईंनी मांडीला ओला बोळा लावला.

"गार लागतंय?"

"नाही. पण बाई, मी जागा आहे!"

"असणारच. भूल फक्त कमरेखाली. डोकं तुमच्याच ताब्यात."

"म्हणजे नको ते बोलणार नाही मी?"

"तुम्हीच बोललात तर!"

आजोबांनी असा सुस्कारा सोडला की सर्जन दचकले. "दुखतंय का?"

"तिथे नाही."

ऑपरेशन झकास झालं. आजोबांना खाटेवर आणून निजवलं. आजी आत आल्या, मागोमाग भावजय! दोघींचेही डोळे रडून लाल.

"बाई, यांचे पाय कधी हलतील?" आजींनी खाटेपाशी उभ्या डॉक्टरीणबाईंना शांतपणे विचारलं.

"तीन-चार तास तरी नाही."

भावजयीनं पडदा ओढला. आजींनी स्टूल पुढे घेतलं.

"पुरेत."