तिसरं बटण, निळा दोरा

ललितने ठरवलं, या वेळी कपड्यांवरून मार खायचा नाही.

रविवारी तेजलच्या बाबांना पहिल्यांदा भेटायचं होतं. दोन वर्षं जमवत आणलेलं लग्न त्या एका भेटीवर लटकलेलं. तेजलने बजावलं होतं, "बाबांना मोतीबिंदू आहे. चेहरा नीट दिसत नाही, पण कपड्यांवरून माणूस बरोबर ओळखतात. चेक्सचा शर्ट घालून आलास तर मी तुला ओळखत नाही."

ललितकडे चार शर्ट होते. चारही चेक्सचे.

मग त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. वापरलेल्या कपड्यांतून झकास लुक! याला थ्रिफ्टिंग म्हणतात म्हणे. (गावी सायखेड्याला त्याची आई याला 'दुसऱ्याचं उतरलेलं' म्हणते.)

शर्ट माणुसकीच्या भिंतीवर मिळाला. 'ज्याला गरज आहे त्याने घेऊन जावे', असं तिथे लिहिलेलं. ललितने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्याहून गरजू कुणी दिसेना. शर्ट पांढराशुभ्र, कॉलर कडक. फक्त पाठीवर वीतभर लाल अक्षरांत 'गोडघास केटरर्स' आणि खाली फोन नंबर. पण पाठ काय, कोटात झाकली जाणार.

कोट नदीकाठच्या बुधवारच्या बाजारात निसारभाईंच्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून निघाला. गडद हिरवा, पितळी बटणांचा.

"घाल बिनधास्त. नवरदेव दिसशील," निसारभाई म्हणाले.

"पण हे तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलंय."

"फॅशन आहे भाई. चूक असती तर सगळीच निळ्याने नसती शिवली?"

ललितला ते पटलं. (नक्की काय पटलं, ते त्याला अजून सांगता येत नाही.)

रविवारी मखमलाबाद रोडवर तेजलच्या घरी तो सोफ्याच्या काठावर बसला. घाम मानेवरून निघून कमरेपर्यंत पोचला होता. तेजलची आई, सुवर्णाबाई, पाणी घेऊन आल्या, कोट बघितला आणि अर्धा ग्लास सतरंजीला पाजला.

तेजलच्या बाबांनी, जयरामरावांनी, मात्र ललितचा हात हातात घेतला. मग बाही चाचपली. "वा! कापड ओळखीचं वाटतंय." त्यांचं बोट खाली सरकलं. पहिलं बटण, दुसरं, तिसरं. तिथे थांबलं.

"दोरा जाड लागतोय. अहो, माझ्या लग्नातल्या कोटाचंही तिसरं बटण मी असंच शिवलेलं, गोधडीच्या निळ्या दोऱ्याने! थांबा, आणतो. दोघं कोट घालून फोटो काढू."

"अहो, राहू द्या ना," सुवर्णाबाई म्हणाल्या. तोवर ते भिंत चाचपत आत गेलेसुद्धा.

"ललितराव, काढा तो कोट!"

"काकू?"

"यांचाच आहे तो. दिवाळीत भांडीवालीला दिला हो मी. कढई घेतली त्यावर. यांना वाटतंय कपाटात आहे. तीस वर्षांत कधी आठवला नाही, आजच मेला आठवायचा होता!"

"आई, कढई म्हणजे ही पोह्यांची?" तेजलने विचारलं.

तिघांनीही टेबलावरच्या कढईतल्या पोह्यांकडे पाहिलं.

"काकू, कोट काढला तर माझ्या लग्नाचं..."

"तुमचं नंतर बघू. आधी माझं वाचवा!"

कोट निघाला. सुवर्णाबाई तो पोटाशी धरून आत पळाल्या.

"ललित, पाठीवर काय आहे?"

"शर्ट आहे."

"चेक्सचा काय वाईट होता रे?"

आतून जयरामराव ओरडले, "सापडला! दारामागेच होता की. पण गरम कसा लागतोय?"

"आत्ताच इस्त्री केली हो!"

ते कोट मिरवत बाहेर आले, तेव्हा ललित घाबरून पाठमोरा होऊन रिकाम्या बशा गोळा करत होता. तेवढी मोठी लाल अक्षरं मोतीबिंदूलाही दिसली.

"अरे वा, केटरर बोलावलाय! आणि तो मुलगा कुठे गेला?"

खरं सांगावं तर कोट निघणार, कोटातून कढई निघणार. सुवर्णाबाई म्हणाल्या, "त्यांना... अर्जंट फोन आला. गेले."

"न सांगता? बरं. दादा, थोडे पोहे वाढ. लिंबू पीळ वरून."

ललितने तेजलकडे पाहिलं. तेजलने पंख्याकडे पाहिलं. त्याने पोहे वाढले, लिंबू पिळलं, चहा आणला, सतरंजीवरचं पाणीही पुसलं.

शेवटी जयरामरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेजल, तो कोटवाला काही खरा नाही. पण हा पोरगा बघ. किती अदब, किती शांत! असा माणूस घरात पाहिजे."

ललित शर्टाची कॉलर नीट करू लागला. सुवर्णाबाईंनी देवाकडे पाहिलं.

"तुझ्या लग्नात वाढायला हाच बोलवायचा. नंबर घेऊन ठेव."

तेजलने ललितला पाठमोरा उभा केला आणि पाठीवरचा नंबर नीट लिहून घेतला.