लाल गाडीचा बसलेला आवाज

“गाडीचे स्पीकर बदलायचे म्हणजे काय? चार स्क्रू काढायचे, चार स्क्रू लावायचे! मधल्या वेळात चहा प्यायचा!” असं जावयाने छाती पुढे काढून जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोने हातातला पेपर खाली ठेवला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याला इतिहास होता. याच माणसाने दुरुस्त केलेल्या मिक्सरचं झाकण छताला जाऊन आपटलं होतं, आणि याच माणसाने ‘जरासं घट्ट’ केलेलं वॉशिंग मशीन कपडे धुता धुता चालत दारापर्यंत आलं होतं.

“गाडी कोणाची आहे, लक्षात आहे ना?” तिने विचारलं.

“तुझ्या बाबांची. म्हणून तर! उद्या वाढदिवस आहे त्यांचा. सरप्राइज!”

“वाढदिवसाला माणसाला गाडी दिसली पाहिजे. गाडीचे भाग नव्हे.”

जावयाने हे बोलणं कानाआड केलं. कारण या स्पीकरमागे त्याचं एक मोठं दुःख होतं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सासऱ्यांनी उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात टाक्या तपासण्यात घालवला. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी काय करावं? लालभडक स्पोर्ट्स कार घेतली! दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी खुजी. आत बसायचं तर आधी वाकायचं, मग बसायचं, मग पाय आत ओढून घ्यायचे. एका सीटवर सासरे, दुसऱ्या सीटवर सासूबाई, आणि दर रविवारी लांबवर फेरफटका. ती दुसरी सीट जावयाला एकदाही मिळाली नव्हती. कधी चपलांना माती असायची, कधी खिशातल्या किल्ल्यांनी सीटला ओरखडा येईल अशी भीती असायची. जेवताना जावईबापूंना आग्रह करकरून वाढणारा माणूस गाडीजवळ आला की त्यांना परका करायचा. एकदा, फक्त एकदा, सासऱ्यांनी आपण होऊन म्हणावं, “चला जावईबापू, बसा!” एवढीच जावयाची इच्छा होती.

त्यात गेले काही महिने सासऱ्यांचं काहीतरी बिनसलं होतं. रविवारचा फेरफटका बंद झाला होता. गाडीवर पांघरूण घालून ते ओट्यावर गप्प बसून राहायचे. का, ते कोणालाच सांगत नव्हते. जावयाने मात्र अंदाज बांधला होता. मागे एकदा गाडी अंगणातून निघताना आतलं गाणं त्याने ऐकलं होतं. ते असं येत होतं, की जणू गाणारा माणूस गादीखाली अडकलाय! एवढ्या झोकदार गाडीला कंपनीने असले रद्दड स्पीकर द्यावेत? म्हातारा माणूस नाराज होणार नाही तर काय!

तेव्हा त्या दिवशी सासरे “जुन्या मित्राकडे जाऊन येतो” म्हणून बसने निघाले, आणि इकडे जावई नवे स्पीकर, स्क्रू ड्रायव्हर आणि दरवाजा कसा उघडावा याचा पाठ केलेला व्हिडिओ घेऊन सासरी हजर झाला. सासूबाईंनी किल्ली दिली. जरा कां कूं करतच दिली.

“स्पीकरच बदलायचेत का पण?” त्या म्हणाल्या. “घड्याळ द्या की एखादं. मफलर मी विणून देते.”

“आई, तुम्ही निश्चिंत राहा. चार स्क्रू!”

“पाच आहेत,” सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. जावयाला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. बायकांना कुठेतरी चूक काढायची सवयच असते, असं तो मनात म्हणाला. वाचकहो, सासूबाईंचं ते ‘पाच आहेत’ जरा ध्यानात ठेवा.

स्क्रू पाचच निघाले. मग क्लिपांची पाळी आली. व्हिडिओतला माणूस दरवाजाचं आतलं कव्हर हलकेच ओढायचा आणि क्लिपा टकाटक सुटायच्या. जावयाने हलकेच ओढलं, काही झालं नाही. जरा जोरात ओढलं, तरी काही झालं नाही. शेवटी एक पाय गाडीला लावून त्याने असा हिसडा दिला, की कव्हर हातात आणि जावई तुळशीच्या कुंडीजवळ! क्लिपा चौफेर उडाल्या. एक गटारात गेली, एक मांजराने पळवली.

“आलं की नाही बाहेर!” जावई मांजराला म्हणाला.

जुना स्पीकर सुटला. आणि आता नवा बसवायला गेला, तर नवा लहान आणि भोक मोठं! इकडे धरला की तिकडून पडायचा. मध्ये बसवायला लाकडी रिंग लागणार, असं व्हिडिओत सांगितलं होतं, पण त्या वेळी जावई चहा पीत होता. रिंग आणायची कुठून? तो घरात गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि सासूबाईंच्या टोपलीतून भरतकामाच्या दोन रिंगा हळूच उचलल्या. एकीत अर्धवट भरलेला मोर होता. मोराची माफी मागून त्याने कापड सोडवलं. रिंग अशी फिट्ट बसली, की कारखान्यात बनवून आली असावी!

आता फक्त कव्हर परत लावायचं. ते उलटं करून पाहतो, तर जाळीच्या आतल्या बाजूला केसाळ, पिवळं काहीतरी गच्च कोंबलेलं!

“उंदीर!” जावई ओरडला आणि बॉनेटवर चढता चढता थांबला. बॉनेटला पोचा आला असता तर उंदीर परवडला असता. त्याने स्क्रू ड्रायव्हरने ते टोचून पाहिलं. हललं नाही. मग बाहेर ओढलं. आधी एक लोकरीचा मोजा निघाला. त्यामागे मफलर. त्यामागे स्वेटरची अख्खी बाही! रंग मोहरीसारखा पिवळा, काठाला हिरवी वेल. ही लोकर त्याने पाहिली होती. पाहिली काय, घातली होती! लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सासूबाईंनी त्याला याच लोकरीचा स्वेटर दिला होता.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांना दरवाजात आपली भरतकामाची रिंग दिसली. जावयाच्या हातात आपली बाही दिसली. दोघंही चोरी पकडली गेल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले.

“माझा मोर कुठाय?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, हे दरवाजात कोणी कोंबलं?”

सासूबाईंनी कप गाडीच्या टपावर ठेवायला हात उचलला, मग गाडी कोणाची ते आठवून खाली ठेवला. “मी,” त्या म्हणाल्या. “ते दुपारी झोपले की करायची. तुमचा तो व्हिडिओ मीही पाहिलाय. क्लिपांसाठी चपटा चमचा घ्यायचा असतो, हिसडा नाही द्यायचा.”

“पण का?”

“ते गातात हो!”

“बाबा? गातात?”

“घरात शब्द फुटत नाही, पण गाडीत बसून गाणं लागलं की सुरू! रिकामं लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतात ना, तसा आवाज. जाताना तेच, येताना तेच. गाणं ऐकू आलं तर गातील ना? म्हणून आधी एक मोजा ठेवला. तरी गायचे. मग मफलर घातला...”

“मग सांगायचं ना त्यांना सरळ!”

“कसं सांगू?” सासूबाईंचा आवाज मऊ झाला. “इतक्या आनंदाने गातात! लग्न झाल्यापासून या माणसाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर सांगायचा धीरच झाला नाही. बाही घातल्यापासून गाणं थांबलं, पण फेरफटकाही थांबला. काय झालं कळतच नाहीये मला. जावईबापू, बसवा ना तेवढं परत आत.”

आता आली का पंचाईत! लोकर परत घातली तर वाढदिवसाच्या भेटीचा बोऱ्या, न घातली तर सासूबाई नाराज. जावई डोकं खाजवत दुसऱ्या दरवाजाकडे वळला. तिथेही दुसरा मोजा, दुसरा मफलर आणि दुसरी बाही निघाली. तिथलाही स्पीकर बसवून त्याने सुरुवातीला सोडवून ठेवलेली बॅटरीची वायर परत जोडली, आणि त्याच क्षणी गाडीने भोंगा पसरला! चोर आल्याचा अलार्म! जावई तो बंद करायला डोकं खाली घालून सीटखाली शिरला. बाहेर राहिले फक्त दोन पाय.

समोर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर खिडकीत आले. त्यांना लाल गाडी, उखडलेले दरवाजे आणि अनोळखी पाय दिसले. शेजारधर्माला जागून त्यांनी ताबडतोब सासऱ्यांना फोन लावला. तोंडात कापसाचा बोळा असलेला एक पेशंटही खिडकीतून “ओ! ओ!” करत मदत करू लागला.

मिनिटाभरात सासूबाईंचा फोन वाजला. सासऱ्यांचा आवाज जावयाला सीटखालीही ऐकू आला.

“गाडीत चोर शिरलाय!”

“चोर नाही हो, जावई आहे!”

मग, “चोर परवडला! चोर निदान गाडी अख्खी नेतो!” आणि फोन बंद.

सासरे टॅक्सीने आले. अलार्म आता थांबला होता. जावयाने जमेल तेवढ्या क्लिपांवर कव्हरं कशीबशी ठोकून बसवली होती. राहिली ती लोकर! टॅक्सीचं दार वाजलं आणि त्याने दोन मोजे, दोन मफलर आणि दोन बाह्या शर्टाच्या आत कोंबल्या.

सासऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. दरवाजावर हात फिरवला. मग जावयाकडे पाहिलं. “पोट फार सुटलंय तुमचं, जावईबापू.”

“हो बाबा. म्हणजे... नवे स्पीकर बसवलेत. उद्यासाठी.”

“उगीच खटाटोप केलात.” सासरे खाली मान घालून म्हणाले. रागावले असते तर जावयाला सोपं गेलं असतं. “गाडी विकायची ठरवलीय मी.”

“काय?” सासूबाई आणि जावई एकदमच ओरडले.

“मित्राकडे गेलोच नव्हतो आज. कानाच्या डॉक्टरकडे बसलो होतो, नंबर यायच्या आत हा फोन आला. गेले कित्येक महिने मला गाडीतलं गाणं ऐकू येत नाहीये. आधी जरा कमी झालं, मग आणखी कमी, आता तर सगळं कापसातून आल्यासारखं. उद्या कोणाचा हॉर्न ऐकू आला नाही तर? ही शेजारी बसलेली असते. नको. ऐकू न येणाऱ्याने गाडी चालवू नये.”

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांची नजर जावयाच्या फुगलेल्या शर्टाकडे गेली. जावयाच्या पोटावर लोकर टोचत होती आणि पोटाच्या आतही काहीतरी टोचत होतं. त्याला पहिल्यांदाच या मोजकं बोलणाऱ्या माणसाची मनापासून माया आली.

“बाबा, आधी बसा तरी आत,” तो म्हणाला. “एकदाच.”

सासरे वाकले, बसले, पाय आत घेतले. बटण दाबलं. आणि गाडी गाऊ लागली! स्वच्छ, खणखणीत, तबल्याची थाप छातीला लागावी अशी! सासरे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

“कान ठीक आहेत माझे?”

“अगदी ठणठणीत,” जावई म्हणाला. “कंपनीचे स्पीकरच रद्दड होते. मी सांगतोय ना!”

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. “गा हो,” त्या म्हणाल्या. “मनसोक्त गा!”

आणि सासरे गायले. समोरच्या दवाखान्याची खिडकी धाडकन बंद झाली. मांजर तोंडातली क्लिप टाकून पळालं. लोखंडी कपाट, सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी फार सौम्य सांगितलं होतं.

रविवारी सकाळी जावयाला फोन आला. स्वतः सासऱ्यांचा! “चला जावईबापू, फेरफटका मारू. हिचे गुडघे दुखताहेत म्हणते. तिची सीट तुम्हाला दिलीय.”

जावई हवेत तरंगतच सासरी पोचला. चपला घासून, खिसे रिकामे करून. सासूबाई दारातच उभ्या होत्या, गुडघे वगैरे काही न दुखता, आणि त्यांच्या हातात होती एक मोहरी रंगाची कानटोपी. हिरव्या वेलीची, दोन्ही कानांवर गादीसारखी जाड.

“तुमच्यासाठी रात्रंदिवस विणली,” त्या कानात कुजबुजल्या. “सगळे मोजे, मफलर, बाह्या उसवून. आता त्यांना कधी काही कळू द्यायचं नाही हं!”

ऊन मी म्हणत होतं. तरी जावयाने टोपी घातली, वाकला, बसला, पाय आत घेतले. शेवटी ती सीट मिळाली! गाडी निघाली, गाणं लागलं, सासरे सुरू झाले. टोपीतून जावयाला सगळं लांबच्या गिरणीसारखं ऐकू येत होतं, आणि तो सुखाने मान डोलावत होता.

बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी गाणं थांबवून काहीतरी विचारलं.

“काय म्हणालात, बाबा?”

सासऱ्यांनी पुन्हा विचारलं.

“काय?”

सासऱ्यांनी गाडी बाजूला घेतली, गाणं बंद केलं, आणि फार मायेने जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याच्या टोपीजवळ ओरडले,

“घाबरू नका, जावईबापू! त्या डॉक्टरकडचा माझा नंबर तुम्ही घ्या!”