जिवंत आहेस का?

"सर्व्हर निवडायचा? अहो, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ! सोमवारी देतो!"

हे वाक्य बापूने चहाच्या वेळी, भरल्या ऑफिसात, बिस्किट चहात बुडवता बुडवता टाकलं. बुडालेलं अर्धं बिस्किट तिथेच तुटून तळाला गेलं. शहाण्या माणसाने तेवढ्यावरून धडा घेतला असता. पण बापू आणि धडा यांचं आयुष्यात कधी जमलं नाही.

बापू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्या बसकंपनीत जावा नावाच्या संगणकी भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा तो एकटाच, म्हणून सगळे आधी जावाबापू म्हणायचे. पुढे जावा गळालं आणि बापू उरला. त्याने एकट्याने लिहिलेलं 'हरवलं-सापडलं' नावाचं अ‍ॅप्लिकेशन होतं. बसमध्ये काय विसरलं ते लोकांनी घरबसल्या त्यात नोंदवायचं, आणि सापडलेल्या वस्तूंची यादी बघायची. निदान कल्पना तशी होती.

वस्तू मात्र तळमजल्यावरच्या ओलसर खोलीत, त्या परत द्यायच्या खिडकीवर बसणाऱ्या काकूंच्या ताब्यात. छत्र्या, चष्मे, एकेकटे हातमोजे, आणि बरणीत घालून ठेवलेली एक दातांची कवळी, जिचा मालक वर्षानुवर्षं काय खात होता देव जाणे! तिथली ट्यूबलाइट सतत लुकलुकायची. भिंतीला पोपडे आले होते. मागच्या झरोक्यातून बसची चाकं दिसायची, बाकी काही नाही. काकू त्या खोलीत इतकी वर्षं बसून होत्या की नवीन लोकांना त्याही कुणीतरी विसरलेल्या वाटायच्या.

साहेबांनी बापूला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. तसा तो नेहमीच पडलेला असायचा, त्या दिवशी जरा जास्त.

"बापू, विकतच्या सर्व्हरचा करार संपतोय. वरचे म्हणतात, फुकटातला बघा. ओपन सोर्स."

"झालंच समजा!"

"पुढचं ऐक. वरचे असंही विचारतायत की हा विभाग कुणी वापरतं का. नसेल वापरत, तर खोली बंद. काकूंना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डेपोत धाडणार."

बापूचा चेहरा उतरला. काकूंचे यजमान कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेले. घर मागच्याच गल्लीत. रोज दुपारी काकू धावत घरी जायच्या, त्यांना दोन घास भरवायच्या, कुशीवर वळवायच्या आणि धापा टाकत परत यायच्या. दुसऱ्या टोकाला बदली म्हणजे ते बंद.

बापू खाली गेला, तर बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"मी तेवढ्या लांब गेले तर दुपारी यांना पाणी कोण पाजणार रे?" काकू एका छत्रीची तार सरळ करत म्हणाल्या.

"काकू, मी आहे ना! असा सर्व्हर लावतो, अशी गर्दी दाखवतो, की वरचे तोंडात बोट घालतील!"

"मोठाच घे हो. ऐन वेळी कमी पडायला नको."

त्या रात्री जेवताना बापूने बायकोला विषय समजावून सांगितला. अ‍ॅप्लिकेशन म्हणजे बिऱ्हाड, सर्व्हर म्हणजे घर. ओपन सोर्स म्हणजे घर फुकट, वर आतल्या भिंती हव्या तशा पाडायची मुभा.

"आणि कुठली घरं बघितलीत?"

"टॉमकॅट आहे. लहान, सुटसुटीत, एका बिऱ्हाडापुरता. मग ग्लासफिश. आणि वाइल्डफ्लाय. तो तर वाडाच म्हणा! मोठ्या कारभारासाठी लागतील त्या सगळ्या सोयी आत."

"मांजर झालं, मासा झाला, आता माशी! अहो, तुम्ही सर्व्हर निवडताय की घरात प्राणी पाळायचेत?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतं ते एवढंच की बिऱ्हाडात माणसं किती ते आधी मोजावं, मग घर बघावं."

बापूला हे पटलं. आणि इथेच घात झाला! तो माणसं मोजायला बसला.

त्याने तिन्ही सर्व्हर एका जुन्या मशीनवर चढवले आणि तिन्हींना खऱ्या कामाचीच माहिती जोडून दिली. वेगळी नक्कल कोण करत बसणार! पण नवा सर्व्हर मध्येच आडवा झाला तर? बापूचा जीव काळजीखोर. त्याने एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं पहारेकरी. पहारेकऱ्याचं काम एकच. थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरचं दार ठोठावायचं आणि विचारायचं, 'जिवंत आहेस का?' उत्तर आलं तर गप्प बसायचं. उत्तराला उशीर झाला तर घाबरून लगोलग आणखी तीनदा ठोठावायचं. बापूने स्वतःच्या स्वभावावरच बेतला होता तो. तिन्ही सर्व्हरना एकेक पहारेकरी बसवला, जुन्या सर्व्हरला एक, आणि घरच्या संगणकावरूनही एक. असावा एखादा जास्तीचा!

दोन दिवसांनी त्याने अ‍ॅप्लिकेशनच्या भेटींचा आकडा उघडला आणि खुर्चीतून उडालाच. हजारो भेटी! रात्री, पहाटे, जेवणाच्या सुट्टीत, लोक येतच होते, येतच होते!

आता, दार ठोठावणाऱ्याचीही भेट म्हणून नोंद होते, हे बापूला माहीत नव्हतं का? होतं की. मोजणी त्यानेच तर लिहिली होती. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की डोकं सुट्टीवर जातं. बहुतेक भेटी ऑफिसातूनच होतायत हेही त्याला दिसलं. 'कर्मचारीसुद्धा किती विसरभोळे!' असं म्हणून त्याने तेही पचवलं.

"साहेब! लोक वेड्यासारखे वापरतायत!"

साहेबांनी आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. त्या पडक्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू उमटलं. "आणि आपण म्हणत होतो, हे अ‍ॅप्लिकेशन मेलंय!"

आकडा वर गेला. वरून उलट विचारणा आली, एवढ्या गर्दीला तो लहानसा टॉमकॅट कसा पुरणार? वाइल्डफ्लायच बसवा! एक नको, दोन मशीनवर बसवा, एक पडलं तर दुसरं उभं राहील! बापूने दोन बसवले. मग त्या दोघांना दोन नवे पहारेकरी. शिवाय दोघं एकमेकांवर नजर ठेवतील असाही बंदोबस्त केला. जुनी मशीनं बिचारी धापा टाकायला लागली, उत्तरं उशिरा यायला लागली, आणि उत्तर उशिरा आलं की प्रत्येक पहारेकरी घाबरून आणखी तीनदा ठोठावणार! भेटी दुप्पट झाल्या. मग चौपट. साहेब आकडे बघत जिन्यात शीळ घालायला लागले.

आणि मग एका संध्याकाळी वरून कागद आला. बापूने तो साहेबांच्या टेबलाशी उभं राहून वाचला.

नागरिकांनी ऑनलाइन सेवेला दिलेला प्रतिसाद पाहता, तळमजल्यावरील खिडकीची आता आवश्यकता उरलेली नाही. खिडकी बंद करावी. तेथील कर्मचाऱ्यास लांबच्या डेपोत रुजू करावे. मोठे साहेब स्वतः येऊन सादरीकरण पाहतील.

"साहेब, पण... हे तर उलटंच झालं!"

"तुझं कौतुक झालंय, बापू! वेडा आहेस का?"

"आणि काकू?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. "मी काय करू? आकडा तूच दिलास."

बापू खाली गेलाच नाही. जाऊन सांगणार काय? काकू, तुमचं अ‍ॅप्लिकेशन इतकं जोरात चाललंय की तुम्ही आता नको? करायला गेलो काय आणि झालं काय! घरी आला, ताटावर बसला, भात चिवडला आणि तसाच उठला. बायकोने कोपऱ्यातल्या संगणकाकडे बोट दाखवलं.

"हे दिवसरात्र कुणाशी बोलत असतं हो? दिवा सारखा मिचमिचतोय."

"पहारेकरी आहे तो. सर्व्हर चालू आहे का विचारतो."

"सारखं?"

"सारखं."

"असं सारखं विचारलं तर जिवंत माणूससुद्धा मरेल!"

बापूच्या मनाला हे लागलं, पण भलत्याच बाजूने. खरंच की, मशीनं दमलीत! मोठ्या साहेबांसमोर पान उघडायला उशीर लागला तर शोभा व्हायची. दुसऱ्या दिवशी सादरीकरणाआधी त्याने एकूण एक पहारेकरी बंद केले, घरचासुद्धा. म्हटलं, आज तरी सर्व्हरला मोकळा श्वास घेऊ दे.

सभेच्या खोलीत पडद्यावर भेटींचा आलेख लावलेला. मोठे साहेब मधल्या खुर्चीत. जेवण नुकतंच झालेलं, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड. साहेब काठीने पडद्याकडे दाखवत म्हणाले, "हा पाहा सर, जनतेचा प्रतिसाद! प्रत्यक्ष, याच क्षणी!"

आलेख डोंगरासारखा चढत आला होता. आणि शेवटाला, जिथे हा क्षण होता, तिथे सपाट झाला होता. पार सपाट!

"याच क्षणी तर काहीच दिसत नाही," मोठे साहेब म्हणाले.

"जनता जेवत असेल, सर!"

"सगळी?"

बापू त्या सपाट रेषेकडे बघत होता. पाच पहारेकरी, मग सात, मग एकमेकांवर नजर ठेवणारे... त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस दाराशी उभी असलेली ती गर्दी म्हणजे तो स्वतःच होता!

साहेब त्याच्या कानाशी लागले. "नेट गेलंय म्हण! पटकन म्हण!"

म्हणता आलं असतं. नेट गेलंय म्हटलं की सगळे माना डोलावणार, चहा पिणार, उठणार. बापूची नोकरी राहणार, साहेबांची अब्रू राहणार. आणि सोमवारपासून काकू दुसऱ्या टोकाला, आणि मागच्या गल्लीत दुपारी एक माणूस छताकडे बघत पडून राहणार.

"सर," बापू उठून उभा राहिला. "ते लोक नव्हते. मीच होतो."

"काय?"

"मीच दार ठोठावत होतो, सर. हजारदा. आणि मीच मोजत होतो. ही सेवा कुणीच वापरत नाही. ज्याचं काही हरवतं तो सरळ खाली खिडकीवर येतो. तुम्ही खिडकी बंद केलीत तर काहीच उरणार नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि नेमका त्याच वेळी त्या सपाट रेषेवर एक ठिपका उगवला. एकच!

"मग हा कोण?" मोठे साहेब गरजले. "हाही तूच?"

"नाही सर! आई शपथ, मी इथे आहे!" बापूने नोंद उघडली. "तळमजला. काकूंचा संगणक."

काकूंना वर बोलावलं. त्या जिने चढून धापा टाकत आल्या, हातात खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या सोपवायलाच बोलावलंय अशी त्यांची समजूत. टेबलावर जुडगा ठेवून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"तुम्ही आत्ता हे उघडलंत? का?"

"रोज उघडते साहेब," काकू ओशाळून म्हणाल्या. "चुकलं का माझं? बापूने एवढं खपून केलंय. कुणीच बघत नाही असं त्याला कळलं तर त्याची नोकरी जायची." मग हळूच म्हणाल्या, "दुपारी घरी गेले की यांना विचारते, 'आहात ना?' ते डोळ्यांनीच हो म्हणतात. परत आले की हे उघडते. उघडलं म्हणजे हेही आहे. तेवढंच बरं वाटतं."

बापूला रडू आलं. साहेबांनाही आलं असावं, पण त्यांचा चेहरा मुळातच तसा असल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

मोठे साहेब उठले. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी काकूंपुढे सरकवला आणि निघून गेले. दोन दिवसांनी कागद आला. खिडकी चालू ठेवावी. मोठी मशीनं हिशेब विभागाला द्यावीत. बापूला तळघरात, तिकिटाच्या बिघडलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीला पाठवावं. अ‍ॅप्लिकेशनचं काय करायचं ते कागदात नव्हतं, आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. म्हणून बापूने ते गुपचूप टॉमकॅटवर चढवलं आणि एका मोडीतल्या मशीनमध्ये घालून काकूंच्या खोलीत कवळीच्या बरणीशेजारी ठेवून दिलं. पहारेकरी एकही ठेवला नाही.

"म्हणजे शेवटी मांजरच ना?" बायको म्हणाली.

"मांजरच."

तळघरात उजेड कमी आणि ग्रीसचा वास फार. आजूबाजूला उघडी पडलेली यंत्रं, आणि बोलायला कुणी नाही. दुपारी डबा खाऊन झाला की बापू खिशातून फोन काढायचा आणि 'हरवलं-सापडलं' एकदा उघडायचा. उघडलं, की फोन परत खिशात.

महिना संपला, आणि एका दुपारी साहेब धापा टाकत तळघरात उतरले. दार लावून घेतलं. चेहऱ्यावर ते जुनं हसू.

"बापू! कुणाला सांगू नकोस. मी आत्ता आकडा बघितला. रोजच्या भेटी दुप्पट झाल्यात!"

बापूने हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "एक काकू. आणि एक मी."

साहेबांनी बोटांवर मोजून पाहिलं.

"तरी पण," ते म्हणाले, "वाढ शंभर टक्के आहे ना? वर कळवू का?"