तीन बर्नर, एक लग्न

वाचकहो, डीव्हीडी बर्नर कोणता घ्यावा या विषयावर या घडीला माझ्याइतका अधिकारी माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! तीन बर्नर मी स्वतःच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून तपासले आहेत. कोणता कुठली डिस्क आनंदाने घेतो, कोणता नाक मुरडतो, कोणाचा बॅकअप भरवशाचा, सगळं सांगणार आहे. मुद्देसूद. घरगुती भानगडी मध्ये येऊ देणार नाही.

तपासणीसाठी वापरलेला मजकूर : आमच्या लग्नाचं चित्रीकरण.

तेवढी एक भानगड मात्र आधी सांगावी लागेल.

त्या समारंभात अप्पा, म्हणजे माझे वडील, भाषणाला उभे राहिले. शेजारी आत्या, त्यांची धाकटी बहीण. भाषण रंगात आलं आणि माइक बंद पडला. अप्पांचं म्हणणं, आत्याने तो ओढून घेतला. आत्याचं म्हणणं, तो आपला आपण बंद पडला, तिने फक्त धरला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. त्यानंतर माझे केस गेले, चष्मा आला, पोट आलं; अबोला होता तिथेच. अप्पांसाठी ती 'तुझी आत्या' आणि आत्यासाठी ते 'तुझा बाप'. दोघांची घरं एकाच गावात, दोघांच्या मध्ये मी, गळक्या पाइपासारखा!

आता आत्या घर आवरून कायमची लेकीकडे चालली होती. समुद्रापलीकडे.

"जाऊ दे की," अप्पा म्हणाले आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. बराच वेळ पान उलटलं नाही. मी पाहत होतो. त्या पानावर अर्धी जागा एका गादीच्या जाहिरातीनेच व्यापलेली होती.

तेव्हाच मी ठरवलं. चित्रीकरण माझ्या जुन्या संगणकाच्या, आता नव्याला जोडलेल्या हार्ड डिस्कवर पडून आहे. एक प्रत अप्पांना, एक आत्याला. खरं काय ते दोघांनी डोळ्यांनी बघायचं, हसायचं, बोलायचं. आत्या विमानात बसायच्या आत.

अडचण एवढीच की हार्ड डिस्कच्या पोटातून टक टक आवाज येत होता, आत कोणी कोंडला गेल्यासारखा.

"काढून घ्यायचं ते लवकर काढून घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला.

"लवकर म्हणजे?"

"म्हणजे माझ्याशी बोलत उभे राहू नका."

दुसऱ्या कोणी घरी जाऊन मुकाट्याने एक प्रत काढली असती. पण मी तुलना करणारा माणूस आहे. बादली घेतानासुद्धा मी आधी चार बादल्यांत पाणी भरून बघतो!

बर्नर पहिला : संगणकात बसवलेला

वेग : भरपूर. आवाज : मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखा. डिस्क : फक्त 'मायनस'. (कोऱ्या डिस्क दोन प्रकारच्या मिळतात, मायनस आणि प्लस. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीचं यंत्र दुसरीला ओळखही देत नाही. आमच्या घराण्याचं काही वेगळं सांगायला नको.)

डिस्क आत फिरत असताना फोन वाजला. बायकोने घेतला. "अहो, या जरा!"

मी आतूनच ओरडलो, "अगं, लग्न जळतंय इथे! पूर्ण जळू दे, मग येतो!"

फोनवर आत्या होती. तिने बायकोला फक्त एवढंच विचारलं, "तुझी बॅग भरलीस की मी येऊ मदतीला?"

बर्न करणे म्हणजे डिस्कवर उतरवणे, हे समजावण्यात अर्धा तास गेला. तोवर डिस्क तयार. ती मी अप्पांकडे पोचवली आणि घरी येऊन फोनची वाट पाहत बसलो.

फोन आला. "ये. आत्ताच्या आत्ता ये. पुरावा मिळालाय!"

गेलो. अप्पांच्या टीव्हीवर चित्र थिजलेलं होतं. पूर्ण वेगात बर्न केलेली डिस्क त्यांच्या प्लेअरला पचली नव्हती; भाषणापर्यंत आली आणि अडकली. अडकली ती नेमकी कुठे? आत्याचा हात माइकच्या दिशेने निघालाय, तिथे!

"बघ!" अप्पा खुर्चीवरून उठून पडद्याला बोट लावून म्हणाले. "हात बघ. बोटं बघ. ही धरायला निघालेली बोटं आहेत का? ही ओढणारी बोटं आहेत!"

"अप्पा, पुढचं दिसल्याशिवाय..."

"पुढचं मला माहीत आहे. मी तिथे होतो."

त्यांनी टीव्ही बंदच करू दिला नाही. दूधवाला आला, त्याला बोटं दाखवली. दोन दिवस डिस्क प्लेअरमध्ये तापत राहिली. मग प्लेअर उघडेना, म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या चिमट्याने बाहेर ओढली. तिचे दोन तुकडे आले. वेगवेगळ्या वेळी.

बर्नर दुसरा : मेहुण्याच्या ऑफिसातून आणलेला, बाहेरून जोडायचा

(इथे त्याच्या वजनाविषयी एक परिच्छेद होता. बायको म्हणाली, कोण वाचणार? काढला.)

डिस्क : प्लस. आत्याच्या प्लेअरला प्लस चालते, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. मला वाटलं, जिंकलो! चित्र स्वच्छ, कुठे अडकणं नाही. फक्त आवाज नाही. तिच्या प्लेअरला ध्वनीचा तो प्रकार मानवला नाही.

अर्धवट बांधलेल्या खोक्यांमध्ये बसून आत्याने अप्पांचं मुकं भाषण पाहिलं. एकदा नाही, चार वेळा. आणि तिला ओठ वाचता येतात हा शोध तिला त्याच दिवशी लागला.

"हे बघ. आत्ता तुझा बाप काय म्हणाला? 'हिला कोणी बोलावलं?' म्हणाला!"

"आत्या, तिथे ते 'ही सून आम्हाला लाभली' म्हणताहेत."

"'लाभली'ला तोंड एवढं वाकडं होतं?"

"मग माइकच्या वेळी काय दिसतं?"

"ते येईपर्यंत दर वेळी मी इथे डोळे पुसत होते," आत्या म्हणाली आणि एका खोक्यावर चिकटपट्टी ओढायला लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता : "बारीक होता तेव्हा तो. नाही का रे?"

दुसऱ्या दिवशी डिस्क परत आली. तिने बॉलपेनने, दाबून, चकचकीत बाजूवर लिहिलं होतं : आवाज नाही. बाप तोच.

त्यानंतर ती डिस्क कुठल्याही यंत्राने वाचली नाही. मजकूर मात्र मला अजून वाचता येतो.

बर्नर तिसरा : दुरुस्तीवाल्याकडून उसना

आता मी शहाणा झालो होतो. पुसून पुन्हा वापरता येते अशी डिस्क घेतली, म्हणजे चूक झाली तर डिस्क वाया जायला नको. वेग सगळ्यात कमी ठेवला. बर्न करायचं सॉफ्टवेअर आग्रहाने मराठीत करून घेतलं, आपल्या भाषेत चूक होत नाही म्हणून. डिस्क हळूहळू फिरत राहिली. टक टक चालू होती. बर्नरने डिस्क बाहेर काढली आणि त्याच क्षणी टक टक थांबली. मला वाटलं, बरी झाली वाटतं हार्ड डिस्क!

मेली होती.

तीन बर्नरची तुलना करता करता मूळच गेलं होतं. उरली ही एकच डिस्क. मी ती प्लेअरमध्ये घातली. नकार. शेजाऱ्यांकडे घातली. नकार. ज्या बर्नरने ती लिहिली, फक्त त्याच्यातच ती उलगडत होती. मी स्टुलावर बसून विचार करत राहिलो. माणसांचंही असंच असेल का? काही आठवणी जिथे लिहिल्या गेल्या तिथेच वाचता येतात. दुसऱ्याच्या घरी नेल्या की नुसती चकती. मग अप्पांची अर्धी आणि आत्याची मुकी प्रत जोडायची, तर दोघांना एका खोलीत आणण्याशिवाय इलाज नव्हता.

"तुझा बाप असणार का?" आत्याने विचारलं.

"मी अप्पांना बोलावलेलं नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं. बायकोने बोलावलं होतं.

आमच्या छोट्या खोलीत संगणकासमोर दोन खुर्च्या. दोघं आले, एकमेकांकडे न बघता बसले. निरोप माझ्यामार्फत सुरू झाले.

"हिला सांग, डोकं बाजूला घे."

"त्याला सांग, माझं डोकं त्याच्यापेक्षा लहानच आहे."

मी डिस्क सुरू केली. समारंभ हलू लागला. खुर्च्यांच्या रांगांवरून कॅमेरा फिरला आणि पहिल्या रांगेत थांबला. तिथे माझी आजी, मान एका बाजूला टाकून गाढ झोपलेली. आता ती नाही.

दोघंही पुढे वाकले.

"आई झोपलीय," अप्पा म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही.

"मग काय करेल? भाषण तुझं चालू होतं ना!" आत्या म्हणाली.

बायकोने माझा दंड धरला. निरोप्याशिवाय गेलेलं पहिलं वाक्य होतं ते!

मग माइकचा क्षण आला. आत्याचा हात निघाला, आणि फोटो काढणारा इसम मध्ये येऊन उभा राहिला. पडदाभर त्याची पाठ. तपकिरी कोट, मध्ये शिवण.

"सरक ना बाजूला!" दोघं एकदम ओरडले.

तो सरकला तेव्हा माइक आत्याच्या हातात होता, अप्पांच्या हातात पाण्याचा पेला होता, आणि दोघं कशावर तरी हसत होते. मी मागे घेऊन पुन्हा दाखवलं. पाठ. पुन्हा दाखवलं. पाठ! तिसऱ्यांदा आत्याला हसू आवरेना.

"या कोटासाठी आपण इतकी वर्षं..." ती म्हणाली.

"मला एक प्रत दे," अप्पा म्हणाले. "आई आहे त्यात."

"मलाही. तिकडे न्यायला."

मी तयारच होतो! डिस्क बाहेर का चालत नाही ते मी शोधून ठेवलं होतं. बर्न झाल्यावर ती नीट बंद करावी लागते, ते राहिलं होतं. ती बंद केली की कुठेही चालली असती आणि तिच्यावरून प्रतीही निघाल्या असत्या. मी सॉफ्टवेअर उघडलं. दोन बटणं होती. 'डिस्क समाप्त करा' आणि 'डिस्क मिटवा'.

समाप्त? छे! हार्ड डिस्क समाप्त झाली तेवढं पुरे होतं. आपण छत्री मिटवतो, पुस्तक मिटतो, रात्री डोळे मिटतो. बंद करणे म्हणजे मिटवणेच की! तरी मी विचारून घेतलं.

"मग मिटवू ना?"

"मिटव रे बाबा एकदाचं," आत्या म्हणाली, पण ती बघत होती अप्पांकडे.

"हो, मिटवून टाक," अप्पा म्हणाले. तेही तिच्याकडेच बघत होते.

पडद्यावर आलं : तुम्हाला नक्की मिटवायचे आहे का?

"हो!" दोघं एकदम.

मी बटण दाबलं. थोडी घरघर झाली. मग अक्षरं उमटली : डिस्क मिटवली आहे. डिस्क कोरी आहे. धन्यवाद!

मी छत्रीचं स्पष्टीकरण दिलं. पुस्तकाचं दिलं. डोळ्यांपर्यंत पोचण्याआधी अप्पांनी हात वर केला.

"हा तुझ्यावर गेलाय," ते आत्याला म्हणाले.

"माझ्यावर? दादा, हा अख्खा तुझा आहे! रेडिओ उघडून बसला होतास ते आठव. परत लागला का कधी?"

दादा. इतक्या वर्षांनी.

"तो रेडिओ तू पाडलास म्हणून उघडला होता!"

"मी फक्त धरला होता!"

चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी रेडिओ संपला नाही. आत्या गेली तेव्हा तिला सोडायला अप्पा गेले, मला नेलं नाही. आता ती तिकडून रोज फोन करते. विषय ठरलेला : मी. एवढा टिकाऊ विषय दोघांना आजवर मिळाला नव्हता.

निष्कर्ष

वेग हवा असेल तर पहिला. सुबकपणा हवा असेल तर दुसरा. पण पुसायचंच असेल, तर तिसऱ्याला तोड नाही. मागे ओरखडासुद्धा ठेवत नाही.

एवढं लिहून मी बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत शांतपणे ऐकत होती.

"छान," ती म्हणाली. "दोघांचं मिटलं."

"हो ना!"

"अप्पांचं भाषण गेलं. आजी गेल्या. सगळ्यांना वाईट वाटलं."

"खूप."

"मला एक सांगा," ती भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "ते लग्न कोणाचं होतं?"

तेव्हापासून आमच्याकडे बोलणं बंद आहे. वाचकहो, हे भांडण काहीही करून मला मिटवायचं आहे. पण तो शब्द तिच्यासमोर काढायचा कसा?